शेवट ठाऊक असलेली माणसं

दरवर्षी 1 जून ते 31 जुलै आमच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ट्रॉलर बंदरात उभे राहतात, होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या जातात, फाटकी जाळी पडवीत येऊन पडतात आणि एरवी काळोखात दर्यावर जाणारी माणसं सकाळी साडेसहाला चक्क घरात सापडतात. 'हाउस ऑफ द ड्रॅगन' या मालिकेचा दुसरा सीझन 2024 साली नेमका या दिवसांत आला. अमेरिकेतली रविवारची रात्र म्हणजे आपली सोमवारची सकाळ. 17 जूनला पहिला भाग, मग दर सोमवारी एक, आणि आठवा, शेवटचा, 5 ऑगस्टला, बंदी उठल्यावर. मत्स्यव्यवसाय खात्याला विचारून वेळापत्रक लावल्यासारखा योग जुळला होता. परिणाम असा की वेंगुर्ल्यात आमच्या वाडीत त्या पावसाळ्यात ड्रॅगनांचे जाणकार भराभर तयार झाले.

जाणकारांत पहिला माझा भाचा. पुण्याला शिकतो, पुस्तकं वाचलेली, त्यामुळे सर्वज्ञ. दुसरा त्याचा मित्र, ज्याला गावातल्या मानकऱ्यांपेक्षा मालिकेतल्या टार्गेरियन राजघराण्याची वंशावळ चोख पाठ आहे. कॉलेजातल्या दोघी मुली, दोघी राणी अ‍ॅलिसेंटच्या बाजूच्या आणि त्याबद्दल भांडायला कायम तयार. मी. आणि शेजारचे तांडेलकाका, जे मालिका हिंदीत बघतात, पात्रांची नावं लक्षात ठेवत नाहीत आणि तरी आम्हा सगळ्यांपेक्षा नेमकं बोलतात. त्यांच्या लेखी रेनीरा म्हणजे 'थोरली', अ‍ॅलिसेंट 'सावत्र आवस', डेमन 'तो केसाळो' आणि एमंड 'एकडोळ्यो'. एवढ्या चार नावांवर त्यांचं सगळं राजकारण चालतं.

मालिका न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात: राजा व्हिसेरिस आपल्या मुलीला, रेनीराला, वारस नेमतो. मग तिच्याच मैत्रिणीशी लग्न करतो आणि त्या मैत्रिणीला मुलगे होतात. राजा मेल्यावर गादी कोणाची यावरून घराणं दुभंगतं. दोन्हीकडे ड्रॅगन असल्यामुळे भाऊबंदकी जरा महाग पडते. कोकणात एवढं सांगितलं की पुरे. सामाईक सातबारा असलेल्या माणसाला पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

पहिल्याच सोमवारी तांडेलकाकांनी भाच्याला विचारलं, शेवट काय आहे? भाच्याने कानांवर हात ठेवले. स्पॉयलर सांगायचा नाही, हा त्याच्या पिढीचा सोवळ्याचा नियम. काकांना तो कळेना. म्हणाले, "अरे, रावण मरतलो ह्या ठावक आसता म्हणान कोण नाटक बगुचा सोडता काय?"

भाच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, पण तो प्रश्न डोक्यात राहिला. कारण या मालिकेची गंमतच अशी आहे की तिचा शेवट गुप्त नाही. ती ज्यावर बेतली आहे ते जॉर्ज मार्टिन यांचं 'फायर अँड ब्लड' हे पुस्तक 2018 सालीच आलं. कोण मरतो, कोणाचा ड्रॅगन कुठे पडतो, गादीवर अखेर कोण बसतो, सगळं छापलेलं आहे. म्हणजे जगभरातले निम्मे चाहते ही मालिका शेवट माहीत असूनच बघतात. त्यांची भांडणं 'काय होणार' यावर नसतात, 'कसं केलं' यावर असतात. आणि अशी भांडणं करायची तालीम दक्षिण कोकणातल्या माणसाला पाळण्यापासून मिळालेली असते.

कार्तिकी पौर्णिमेनंतर आमच्याकडे जत्रांचे दिवस सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. रात्री पालखी फिरली की देवळासमोर दशावतार उभा राहतो. आधी आड दशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, मग वेद पळवणारा काळ्या कपड्यांतला संकासूर, जो मालवणीत बोलतो आणि भटजीपासून सरपंचापर्यंत कोणालाही सोडत नाही. मग आख्यान. ते पहाटेपर्यंत चालतं आणि दहीकाल्याने संपतं. लिखित संहिता नसते. कुठलं आख्यान लावायचं आणि कोणी काय करायचं हे ठरलं की नट आपापला रंग स्वतः लावतात, आणि भाषणं रंगमंचावर उभं राहून तिथल्या तिथे रचतात. साथीला पायपेटी, मृदुंग, झांज. नेपथ्य म्हणजे मागे एक पडदा आणि पुढे एक बाकडं. ते बाकडं म्हणजे सिंहासन. तेच कैलास, तेच रथ, तेच राणीचा महाल. शेकडो तलवारी वितळवून केलेलं ते लोखंडी सिंहासन पाहून तांडेलकाकांची पहिली प्रतिक्रिया होती की बसायला काही सोयीचं दिसत नाही. खरंच नाही. पहिल्या सीझनमध्ये त्याच्याच पात्यांनी राजाला जखमा होतात.

समोर बसलेल्या गावाला आख्यान तोंडपाठ असतं. तरी माणसं पहाटे चारच्या थंडीत कांबळं पांघरून बसलेली असतात, कारण कथा ठरलेली असली तरी आजचा राजपार्टी (राजाचं काम करणारा नट) स्त्रीपार्टीला (बाईचं काम करणाऱ्या नटाला) काय उत्तर देतो हे ठरलेलं नसतं. पार्वतीने शंकराला पेचात पकडलं आणि शंकर अडखळला, तर ते गावात वर्षभर चघळलं जातं. अमक्या कंपनीचा राजा तमक्या जत्रेत कसा गप्प झाला, हे सांगणारे म्हातारे अजून आहेत.

तर दुसऱ्या सीझनचा पहिला भाग. रेनीराचा मुलगा मारला गेला त्याचा सूड म्हणून दोन मारेकरी राजवाड्यात शिरतात आणि अ‍ॅलिसेंटची मुलगी राणी हेलेना, तिच्या लहान मुलाचा गळा कापतात. पुस्तकात हा प्रसंग जास्त क्रूर आहे. तिथे हेलेनाला दोन मुलगे आहेत आणि मारेकरी आईलाच विचारतात, कोणाला मारू? ती धाकट्याचं नाव घेते, ते थोरल्याला मारतात. आपण मरायला निवडला होता तो धाकटा समोर वाढताना तिला बघावा लागतो. मालिकेत धाकटा मुलगा, मेलोर, नाहीच. जुळ्यांपैकी मुलगा कोण आणि मुलगी कोण, एवढंच मारेकऱ्यांना तिच्याकडून हवं असतं.

या एका बदलावरून आमच्या पडवीत जे पेटलं ते आठवडाभर विझलं नाही. भाचा म्हणे, कणाच काढून घेतला. मुली म्हणत, दोन-तीन वर्षांच्या पोराकडून असा प्रसंग कॅमेऱ्यासमोर करून घ्यायचा कसा? पुढे सप्टेंबरात खुद्द मार्टिन यांनीच आपल्या संकेतस्थळावर लिहिलं की मेलोरला काढल्याने पुढच्या कथेचे धागे सुटत जातील. तो मजकूर लवकरच तिथून काढून टाकला गेला, पण तोवर भाच्याने त्याचे फोटो काढून ठेवले होते आणि खटला जिंकल्यासारखा तो ते सगळ्यांना दाखवत फिरला.

मला मात्र मार्टिन यांचं म्हणणं पूर्ण पटत नाही. बदल वाईट असतोच असं नाही. व्हिसेरिस राजाचंच बघा. पुस्तकात तो खाणंपिणं आवडणारा, भिडस्त, जरा किरकोळ माणूस आहे. मालिकेत पॅडी कॉन्सिडाइनने त्याचं जे केलं ते पुस्तकात नाही. पहिल्या सीझनच्या आठव्या भागात देह सडलेला, अर्ध्या चेहऱ्यावर मुखवटा, काठी टेकत तो मुलीच्या बाजूने उभं राहायला दरबारात चालत येतो, त्या चालण्याने सगळी भांडणं दोन मिनिटं थांबली. मार्टिन यांनीही मान्य केलं की हा राजा त्यांच्या राजापेक्षा मोठा झाला. आता हे काय झालं? राजपार्टीने आख्यान न मोडता त्यात आपली भर घातली. याला आमच्याकडे दाद देतात. मेलोरचं उलट झालं. तिथे पात्र आखडतं घेतलं, आणि ज्यांना आख्यान पाठ होतं त्यांना ते लगेच टोचलं.

पुस्तकात आणखी एक चीज आहे जी मालिकेत नाही. पुस्तक कादंबरीसारखं नसून इतिहासासारखं लिहिलेलं आहे. एक पंडित बऱ्याच वर्षांनी बसून जुनी साधनं ताडून बघतो. एक साधन धर्मगुरूचं, एक दरबारी वैद्य-पंडिताचं आणि एक मशरूम नावाच्या विदूषकाचं. तिघांचं जमत नाही. धर्मगुरू एका बाजूला झुकलेला, पंडित सावध, आणि विदूषक अचाट, चावट गोष्टी सांगणारा, ज्यातल्या काही बहुधा खऱ्या निघाव्यात. मालिका एकच बाजू 'खरी' म्हणून दाखवते, तिला निवेदक नाही. मला वाटतं इथेच मोठी चव गेली. संकासूर काढून टाकलेला दशावतार कसा लागेल? देव येतील, राजे येतील, युद्ध होईल, पण या सगळ्यांकडे वाकड्या नजरेने बघणारं कोणी उरणार नाही.

मालिका नव्या सीझनवर आली की जुन्या जखमेचा विषय निघतोच. याच विश्वातली आधीची मालिका, 'गेम ऑफ थ्रोन्स', तिचा आठवा सीझन. 2011 पासून आठ सीझन, 73 भाग, आणि शेवटच्या सहा भागांत सगळं कोसळलं असं मानणारे लोक आजही तितक्याच तावाने बोलतात. मे 2019 मध्ये तो सीझन पुन्हा बनवा म्हणून केलेल्या मागणीवर दहा लाखांहून जास्त लोकांनी ऑनलाइन सह्या केल्या. त्याच वर्षी त्याच सीझनला सर्वोत्कृष्ट मालिकेचा एमी पुरस्कार मिळाला, हा भाग निराळा. तिसरा भाग इतका काळोखा होता की तांडेलकाका म्हणतात, अमावास्येला बोट हाकताना यापेक्षा जास्त दिसतं.

दोष कोणाचा यावर सगळ्यांची उत्तरं तयार असतात. मार्टिन यांच्या मूळ कादंबरीमालेचं पाचवं पुस्तक 2011 मध्ये आलं, सहावं अजून आलेलं नाही, मालिका पुस्तकांच्या पुढे पळाली, निर्मात्यांना आटपायची घाई झाली. हे खरंच आहे. पण त्याने राग इतकी वर्षं का टिकला हे कळत नाही. मालिका वाईट संपल्या आणि विसरल्या गेल्या, असं नेहमी होतं.

माझा तर्क वेगळा आहे, आणि तो जत्रेतूनच आला आहे. दशावतारात प्रयोग पडला तर तो सकाळी संपतो. राजा अडखळला, रात्र फुकट गेली, शिव्या घालत माणसं घरी आली. पण चार दिवसांनी शेजारच्या गावात तीच कंपनी, तेच आख्यान, तोच राजा पुन्हा उभा राहतो. आज त्याला शब्द सुचतात. पडलेला प्रयोग कोणाकडे साठवलेला नसतो, आठवणीत असतो, आणि आठवणीला नवा प्रयोग झाकू शकतो. मालिकेचं तसं नाही. 'थ्रोन्स'च्या शेवटी डेनेरिस राणीने शहर जाळलं ते एकदाच जाळलं, आणि कोणत्याही दिवशी कोणीही लावलं तरी ती तसंच जाळते, त्याच घाईने. तिला पुढची जत्रा नाही. दहा लाख लोकांनी सह्या करून मागितलं ते मला हास्यास्पद वाटत नाही. त्यांना पुढच्या गावात तोच खेळ पुन्हा हवा होता. ज्या काळात सगळेच खेळ असे होते त्या काळात कोणी तसं म्हटलं असतं तर नट म्हणाला असता, या की, परवा अमक्या गावाला आहे.

नवी मालिका आली तेव्हा, 2022 मध्ये, तिच्याकडे लोक ज्या हावऱ्या नजरेने वळले त्यात हा हिशेब होताच. आख्यान वेगळं, घराणं तेच, सिंहासन तेच. चला, ही पुढची जत्रा.

तांडेलकाकांचं मात्र मन रमलं ते एकाच माणसात: कॉर्लिस व्हेलारियन, आरमाराचा धनी, नऊ मोठ्या सफरी केलेला, ज्याला सगळे सी स्नेक म्हणतात. दुसऱ्या सीझनभर त्याचं जहाज दुरुस्तीला लागलेलं असतं आणि तो धक्क्यावर उभा राहून कारागिरांना घाई करत असतो. समोर पडवीत जाळं सांधत बसलेल्या माणसाला यापेक्षा जवळचं पात्र कुठलं मिळणार? ड्रॅगन आले की काका चहा प्यायला उठत. जहाज आलं की ओरडून सगळ्यांना गप्प करत. व्हेलारियनांचं आरमार खाडीचं तोंड अडवतं आणि राजधानीत धान्य महागतं, लोक उपाशी राहतात, हा धागा आम्हा पुस्तकी लोकांना दुय्यम वाटला होता. काकांनी तो मुख्य केला. "ड्रॅगन रे कसलो! खाडयेचा त्वांड धरला, काम झाला."

त्यावरून एकदा बोलणं आंग्र्यांवर गेलं. जायलाच हवं होतं, सिंधुदुर्ग जिल्ह्यात आरमार म्हटलं की ते निघतंच. 1729 मध्ये कान्होजी आंग्रे वारले. थोरले सेखोजी सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, झाले, पण 1733 मध्ये तेही गेले, आणि मग संभाजी आणि मानाजी या भावांत जुंपली. औरस कोण, अनौरस कोण, अलिबागचा कुलाबा कोणाचा, विजयदुर्ग कोणाचा. बाजीराव पेशव्यांनी मध्ये पडून 1735 च्या सुमारास घरच वाटून दिलं: मानाजी कुलाब्याला, संभाजी सरखेली घेऊन दक्षिणेला. संभाजीनंतर विजयदुर्गावर त्याचा भाऊ तुळाजी आला. त्याचं आणि पेशव्यांचं बिनसलं, पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरलं, आणि फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचं आरमार जळलं. आंग्र्यांनीच पूर्वी इंग्रजांकडून पकडलेल्या 'रिस्टोरेशन' नावाच्या जहाजावर गोळा पडला आणि आग एकामागून एक गलबतांत पसरत गेली. हल्ला करणाऱ्यांत इंग्रजांचा अ‍ॅडमिरल वॉटसन होता आणि रॉबर्ट क्लाइव्ह होता.

तुलना फार ताणू नये. आंग्र्यांकडे ड्रॅगन नव्हते आणि मार्टिन यांच्यासमोर इंग्लंडच्या बाराव्या शतकातला गादीचा तंटा होता, आमचा नव्हे. पण त्या संध्याकाळी पडवीत जे झालं ते ऐकण्यासारखं होतं. नानासाहेब पेशव्यांनी केलं ते बरोबर की चूक, तुळाजी माजला होता की त्याला एकटं पाडलं, यावर काका आणि भाच्याचा मित्र असे भिडले की मालिका बाजूला राहिली. अडीचशेहून जास्त वर्षं झाली. शेवट सगळ्यांना माहीत. आवाज मात्र आजचेच.

दुसरा सीझन संपला तेव्हा पडवीतला सूर नाराजीचा होता. पहिल्या सीझनचे दहा भाग होते, याचे आठच. चौथ्या भागात रूक्स रेस्टच्या किल्ल्यापाशी ड्रॅगन ड्रॅगनला भिडले, ते झकास. पण शेवटच्या भागात फौजा निघतात, जहाजं निघतात, ड्रॅगन आरोळी देतो आणि पडदा. जे युद्ध व्हायचं होतं ते पुढच्या सीझनवर. जत्रेत राजाने धनुष्य ताणलं आणि मंडळींनी बाकडं उचलून टेम्पोत टाकलं, असं कोणी केलं असतं तर गावकऱ्यांनी टेम्पो सोडला नसता.

खरं तर आमच्याकडेही चमत्कृतीचा वाद चालूच आहे. हल्ली 'ट्रिकसीन' असलेल्या दशावताराच्या जाहिराती लागतात. धूर, दिवे, फणा काढणारा नाग, हवेत उचललेला देव. तरुण पोरं त्यासाठी दूरदूर जातात. जुनी माणसं नाक मुरडतात की भाषण करता येत नाही त्याने नाग काढावा. मी दोन्ही बाजूंनी बघितलं आहे. नाग चांगला निघाला तर टाळी मीही वाजवते. पण दुसऱ्या दिवशी आठवतं ते कोणी कोणाला काय सुनावलं तेच. ड्रॅगनांचंही तसंच आहे. रूक्स रेस्टची सगळी आग विसरले मी, पण मेलीस या ड्रॅगनवर बसलेली कॉर्लिसची बायको रेनिस, जिला निघून जायची संधी असते, ती मागे वळते, ते तिचं वळणं विसरले नाही.

2026 च्या जानेवारीत, भर जत्रांच्या दिवसांत, याच विश्वातली तिसरी मालिका आली, 'अ नाइट ऑफ द सेव्हन किंगडम्स'. सहा छोटे भाग, ड्रॅगन नाहीत, एक उंच, गरीब शिलेदार आणि टकलू पोरगा. काकांना ती सगळ्यांत आवडली कारण पैशांची चणचण त्यांना पटली. मला तिच्यातलं एक वेगळंच लागलं. त्यात एक बाहुलीवाली मुलगी आहे. तिच्या खेळात शूर शिलेदार लाकडी ड्रॅगनला मारतो. प्रेक्षकांत राजघराण्यातला एरियन असतो. ड्रॅगन हे त्याच्या घराण्याचं चिन्ह, त्यामुळे त्याला ती कथा राजद्रोह वाटते. तो खेळ मोडतो आणि त्या मुलीचं बोट मोडतो.

कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर मंडळी अजून कळसूत्री बाहुल्या नाचवतात, चित्रकथीच्या पोथ्या उलगडतात. लहानपणी तो खेळ बघितला आहे म्हणून असेल, पण ते बोट मोडणं मला कुठल्याही ड्रॅगनयुद्धापेक्षा जास्त लागलं. कथा आपल्या मनासारखी झाली नाही म्हणून खेळ करणाऱ्याचा हात मोडणारा हा प्रेक्षक. मेलोरच्या निमित्ताने नट-लेखकांना काय काय बोललं गेलं ते भाच्याने मला वाचून दाखवलं होतं. मी त्याला एरियनची आठवण दिली. तो म्हणाला, "आत्या, मी फक्त फोटो काढून ठेवले." तेही खरं.

'हाउस ऑफ द ड्रॅगन'चा तिसरा सीझन 2026 च्या जूनमध्ये येणार असं जाहीर झालं आहे. म्हणजे पुन्हा बंदी, पुन्हा पडवी. राहून गेलेली समुद्रावरची लढाई, बॅटल ऑफ द गलेट, आता आधीच दाखवणार म्हणतात. पुस्तकात ती भयंकर आहे. शत्रूची नव्वद जहाजं, व्हेलारियनांचं बंदर बेचिराख, आणि एक तरुण राजपुत्र, ज्याचं नाव मी लिहीत नाही कारण हा लेख भाचाही वाचणार. दोघी मुलींनी आतापासून सांगून ठेवलं आहे की त्या भागाला रडणार नाहीत.

तांडेलकाकांना राजपुत्राची चिंता नाही. त्यांची तक्रार मागच्या सीझनपासूनची आहे, की शिडं एका बाजूला फुगलेली आणि निशाणं दुसऱ्या बाजूला फडकतात. लढाई आली की पहिल्यांदा तेच तपासणार आहेत. भाचा समजावत होता की हे सगळं संगणकावर करतात, समुद्रसुद्धा. काकांनी ऐकून घेतलं, सुतळी दातांनी तोडली आणि म्हणाले, "करूंदेत. पण वारो खंयसून येता ता पयलो दाखवा म्हणा, मगे जाळा काय जाळूचा आसा ता."